डोळे मिटून खेळणारं गिऱ्हाईक

...आणि वर मलाच विचारतात, "आमचा आहे का हो तुमच्याकडे?" आमचा म्हणजे मुलगा. नुसतं "आमचा". आता नऊ खुर्च्यांवर नऊ जण बसलेत, सगळे पाठमोरे, सगळ्यांच्या डोक्यावर हेडफोन, माना अशा कासवासारख्या पुढे काढलेल्या... यातला तुमचा कुठला, ते मी सांगायचं? जन्म तुम्ही दिला, पाठ मी ओळखायची? आणि वाईट काय, माहितीये? मला ओळखता येते. तुम्हाला सांगतो, या वयात मला दुसरं काही येत नाही, पण चौदा-पंधरा वर्षांच्या कुठल्याही पोराची पाठ दाखवा, आई काय करते ते सांगतो.

दुकान कसलं ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटायचं शिंप्याचं. कॉम्प्युटर गेमचं दुकान आहे. पोरं येतात, तासाच्या हिशेबानं खुर्ची घेतात, खेळतात, जातात. मुळात हा आमच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ. पासपोर्टचे फोटो, नवी नवी जोडपी, पालथी पडायला लागलेली बाळं, असं सगळं चालायचं. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि आमच्याकडे काळं कुत्रं फिरकेना. तेव्हा मी कॅमेरे काढले आणि मशीन टाकली. मागच्या भिंतीवर वडिलांनी रंगवून घेतलेला पडदा मात्र अजून तसाच आहे... संगमरवरी खांब, वळणाचा जिना, कठड्यावर फुलांची कुंडी. त्याच्यापुढे बसून ही पोरं दिवसभर पूल उडवतात आणि किल्ले जाळतात. मी काउंटरवर बसून बघतो. आपण दुकानदार माणूस, आपल्याला काय?

पण लोक ऐकतात होय. आता हेडफोनचंच घ्या. त्याची ती कानावरची गादी असते ना, जुनी झाली की झडते. काळा चुरा पडतो, तो पोरांच्या कानाला चिकटतो. दोन गाद्या बदलल्या, दहा बदलल्या, किती बदलणार? तर सगळ्या आयांना हे कळलं. पोरगं घरी आलं की "अभ्यासाला गेलो होतो" म्हणायच्या आत आई कान धरते. शिक्षा म्हणून नाही, तपासायला. चुरा सापडला की तिथून तडक फोन मला. "तुमचा चुरा आहे." जसं काही मी पोराला चावलो.

तर या पोरांमध्ये एक पोरगा होता. पोरं त्याला गप्प्या म्हणायची. म्हणायची म्हणजे काय, अजून म्हणतात. चौदा वर्षांचा, बारीक, खांदे आत ओढलेले, दुकानात शिरताना दाराची माफी मागितल्यासारखा शिरायचा. माझ्याशी बोलणं म्हणजे काय, तर बोटानं चार नंबरचं मशीन दाखवायचा. आणि एकदा का हेडफोन चढवला, की तुम्हाला सांगतो, हा पोरगा बदलायचा. "मागे या, मागे या, मी आहे ना, अरे जिन्यावरून नको, खालून ये, हसतोस काय, मरशील..." असा धबधबा. हसायचा, चिडायचा, नकला करायचा. चार मशीन पलीकडे बसलेल्या पोरांशी बोलतोय आणि कुठल्या कुठे बसलेल्या, कधी न पाहिलेल्या पोरांशीही बोलतोय. हेडफोन काढला की पुन्हा खांदे आत. तोंडाला कुलूप.

त्याचा बाप त्याला न्यायला यायचा. रोज साडेसहाला. गृहस्थ कवळ्या घडवतात. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप देतात, हे घरच्याच एका खोलीत बसून मेणात एकेक दात बसवतात, घासतात, पुसतात. बोटांच्या टोकांना कायम ते पांढरं प्लास्टर. दारात येऊन उभे राहायचे, खोकायचे. गप्प्या मान न वळवता पाच बोटं वर करायचा. पाच मिनिटं. आता या पाच मिनिटांवर मी एक पुस्तक लिहू शकेन. जगात कुठल्याही घड्याळात न बसणारी ही पाच मिनिटं आहेत. बाप स्टुलावर बसायचे, काउंटरच्या बाजूला, गुडघ्यांवर हात ठेवून. वीस मिनिटांनी पोरगा उठायचा, दोघं निघायचे. पोरगा पुढे, बाप तीन पावलं मागे, शब्द नाही. मी म्हणायचो, असेल काही घरगुती. आपण दुकानदार माणूस, आपल्याला काय?

मग एके दिवशी ते सव्वासहाला आले. मग सहाला. मग पावणेसहाला. मला वाटलं, आता हे मला बोलणार, की तुम्ही आमच्या पोराला बिघडवलंत वगैरे. मी उत्तर तयार ठेवलं होतं, माझं ते पाठ आहे. पण गृहस्थ काही बोलेचनात. आणि मी नीट पाहिलं तर ते मशीनच्या पडद्याकडेही बघत नव्हते, पोराकडेही नाही. भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसलेले. मला वाटलं, झोपले. थकतो माणूस. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासायचे म्हणजे काय. चहा पुढे केला तेव्हा डोळे न उघडताच म्हणाले, "थांबा जरा. हसतोय तो."

ऐकत होते हो. पोराचा आवाज ऐकायला येत होते.

मग हळूहळू बोलले माझ्याशी. म्हणाले, घरी बोलत नाही. भांडण नाही, राग नाही, काही नाही. लहानपणी कान किटतील इतका बोलायचा, मांडीवर बसून मेणाचे गोळे करायचा आणि प्रत्येक दाताला नाव ठेवायचा. कधी बंद झालं ते कळलंच नाही. नळाचं पाणी बारीक होत जातं ना, आपण कामात असतो, आणि मग बघतो तर थेंब थेंब... तसं. आई इस्पितळात नर्स, तिच्या कामाच्या पाळ्या बदलत्या. घरात बापलेक दोघंच, आणि मधे ती दातांची चळत. "आजकाल दिवसाला अकरा शब्द होतात," म्हणाले. मोजले होते त्यांनी. "हो", "नाही", "जेवलो", "माहीत नाही", असे सगळे धरून.

मी म्हटलं, चहा घ्या.

आता याच गृहस्थांना मी रविवारी सकाळी कुठे पाहिलं असेल? तर माझ्या विरुद्ध आलेल्या शिष्टमंडळात. हो, शिष्टमंडळ आलं माझ्याकडे. अकरा पालक. आणि पुढे कोण, तर पोस्टातल्या बाई. यांची मुलगी माझ्याकडे खेळते, पंधरा वर्षांची, सगळ्या टोळीची कप्तान, पोरं तिला कप्तानच म्हणतात. बाई पोस्टात खिडकीवर असतात, त्यामुळे बोलणंही तसंच. दुसरं कुणी तोंड उघडलं की, "एकेकानं. रांगेत." अकरा पालक, नऊ खुर्च्या. दोन उभे. बाकीचे त्या माझ्या फिरत्या खुर्च्यांवर बसले आणि त्या खुर्च्यांना जरा पाय लागला की त्या फिरतात. म्हणजे गंभीर चर्चा चालू आणि एक एक पालक संथपणे भिंतीकडे वळतोय, पुन्हा येतोय. मागे संगमरवरी जिना. कवळीवाले गृहस्थ अगदी कडेला, स्वतःच्या बुटांकडे बघत.

बाईंचं म्हणणं एकच. मुलं घरच्यांना वेळ देत नाहीत. घरी येतात उशिरा, आली तरी मनानं इथेच असतात. ना आईबापांशी बोलणं, ना मित्रमैत्रिणींना भेटणं. मी म्हटलं, बाई, मित्रमैत्रिणी शेजारच्याच खुर्चीत असतात हो. तर म्हणाल्या, "त्याला भेटणं म्हणत नाहीत." मी म्हटलं, बरं, घरी आल्यावर तुम्ही त्यांच्याशी काय बोलता? सहज विचारलं, देवाशपथ. तर एक जण भिंतीकडे वळले ते तिकडेच राहिले. मग टोळीतल्या लंबूचे वडील म्हणाले, ते टॅक्सी चालवतात, "मी विचारतो ना, अभ्यास झाला का." आणखी? "आणखी... पंखा बंद कर म्हणतो." एक आई म्हणाल्या, "मी जेवलास का विचारते." एवढंच निघालं. अकरा माणसांमध्ये तीन वाक्यं, त्यातलं एक पंख्याला उद्देशून.

पण मी वाद घातला नाही. परीक्षा आलीय, पंधरा दिवस बंद ठेवा म्हणाले, मी म्हटलं ठेवतो. तत्त्व वगैरे काही नव्हतं, तुम्हाला सांगतो, मी दमलो होतो. सात वर्षांत एक दिवस दुकान बंद नाही. सकाळी अकरा ते रात्री आठ, कान किटलेले, कंबर गेलेली. बायको औषधांच्या दुकानात काउंटरला असते, ती म्हणाली, "अहो, ठेवा की बंद. घरी बसून घर कसं दिसतं ते तरी बघा." शटर ओढलं, कुलूप घातलं, पाटी लावली. पोरं समोर उभी होती. कप्तान फक्त एवढंच म्हणाली, "काका, पंधरा म्हणजे पंधराच ना?" गप्प्या काही म्हणाला नाही. तो कशाला म्हणेल?

पहिला दिवस काय सांगू... स्वर्ग. दहापर्यंत लोळलो. दुपारी सोफ्यावर आडवा झालो. चार वाजता माझी मुलगी शाळेतून आली. मलाही एक मुलगी आहे, सोळा वर्षांची, हे सांगायचं राहिलंच. राहिलंच म्हणजे बघा. दारात थबकली, माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, "बरं नाही का?" म्हटलं, बरं आहे, घरी आहे. तर म्हणाली, "का?"

का? स्वतःच्या घरी सोफ्यावर पडलेल्या माणसाला का विचारतं का कुणी? पण तिचं तरी काय चुकलं, ती पहाटे पाचला उठून पोहायला जाते, तिथून शाळा, रात्री नऊला झोपते. मी यायचो तेव्हा ती पेंगत असायची. मला तिचं रोजचं दर्शन म्हणजे खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेला ओला टॉवेल. मग मी बोलायला गेलो. शाळा कशी चाललीय? "ठीक." मैत्रिणी? "आहेत." पोहणं? "चालू आहे." मी मनात मोजले. चार. आणि तुम्हाला सांगतो, ही मुलगी आयुष्यात एकही गेम खेळलेली नाही. माझ्या दुकानात पाय ठेवत नाही, घाण वास येतो म्हणते. मग गेमनं पोरं मुकी होतात म्हणणाऱ्यांनी मला सांगावं, हिचं तोंड कुणी मिटलं?

विचारणार कुणाला? आपण दुकानदार माणूस. आणि त्यातही आता दुकान बंद.

तिसऱ्या दिवशी पोस्टातल्या बाईंचा फोन. मला वाटलं, आभार मानायला असेल. तर आवाज उतरलेला. म्हणाल्या, कप्तान घरी आहे. म्हटलं, हेच हवं होतं ना? हो म्हणाल्या, पण ती घरी आहे म्हणजे... घर चालवायला घेतलंय तिनं. कपाटं हलवली, सगळ्यांना कामं वाटून दिली, कोण कधी आंघोळीला जाणार ते भिंतीवर चिकटवलं. काल आईशी, म्हणजे बाईंशीच, काहीतरी वाद निघाला तर वडिलांना म्हणाली, "तुम्ही मागच्या बाजूनं सांभाळा, मी पुढून बोलते." आणि वडील गेले हो मागच्या बाजूला. बाई म्हणाल्या, मी दिवसभर लोकांना रांगेत उभं करते, आणि घरी येऊन मीच रांगेत?

पाचव्या दिवशी लंबूचे वडील टॅक्सी घेऊन थेट दारात. म्हणाले, पोरगा शेजारच्या सीटवर बसून फिरतो माझ्याबरोबर आणि प्रश्न विचारतो. म्हटलं, कसले? तर म्हणे, तुम्ही शाळा का सोडली, आईला पहिल्यांदा कुठे पाहिलं, तुम्हाला भीती कशाची वाटते. "अहो, गिऱ्हाईक मागे बसलेलं असताना विचारतो. एवढं कुणी विचारतं का बापाला?" मी म्हटलं, मग उत्तर काय दिलंत? तर गृहस्थ स्टिअरिंग पुसायला लागले. "सांगितलं की," म्हणाले. "काय करणार, सिग्नल लाल होता." आणि कधी उघडताय ते न विचारताच निघून गेले.

सहाव्या दिवशी मी दुकानावर गेलो. काही काम नव्हतं. घरात माझं काही काम नव्हतं, तसं दुकानातही नव्हतं, पण तिथे निदान किल्ली माझ्याकडे होती. बघतो तर पायऱ्यांवर टोळी बसलेली. बंद शटरला पाठ टेकून, एका रांगेत, ज्या क्रमानं आत बसतात त्याच क्रमानं. एक नंबर, दोन नंबर, चार नंबर गप्प्या... तीन नंबरची जागा मोकळी सोडलेली, कारण त्याला ताप होता. म्हटलं, काय करताय? "बसलोय." म्हटलं, दुकान बंद आहे. "माहितीये." मग कप्तान जरा समजावणीच्या सुरात म्हणाली, "काका, आम्ही इथेच भेटतो ना." मी तिला काय सांगणार, की याला भेटणं म्हणत नाहीत? गप्पा चालल्या होत्या त्यांच्या. गप्प्या मात्र खाली बघत पायरीचं सिमेंट नखानं उकरत होता.

आणि बरोबर पावणेसहाला कवळीवाले गृहस्थ आले. सवय हो. मला पाहून ओशाळले. मी त्यांना जरा बाजूला घेतलं, म्हटलं, तुम्ही बंद करा म्हणणाऱ्या पालकांबरोबर आला होतात ना त्या दिवशी? म्हणाले, "बाई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. चला म्हणाल्या. मला नाही म्हणता येत नाही." मग प्लास्टर लागलेली बोटं चोळत अगदी हळू, पायरीवर ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणाले, "सहा दिवस झाले. आवाज ऐकला नाही मी त्याचा."

तुम्हाला सांगतो, मी फार हळवा माणूस नाही. सात वर्षं पोरांना वेळ संपली म्हणून खुर्चीवरून उठवतोय, हळवेपणा कुठून राहणार? पण मी किल्ली काढली. म्हटलं, अर्धा तास. अर्धं शटर. आणि एका अटीवर, म्हटलं, तुम्ही स्टुलावर बसायचं नाही. पाच नंबरवर बसायचं. त्याच्या शेजारी.

गृहस्थ घाबरले. मला यातलं काही येत नाही म्हणाले. म्हटलं, तेच तर.

वाकून वाकून सगळे आत शिरले. मी त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला, काळा चुरा त्यांच्या कॉलरवर पडला. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. गप्प्याचे तर कान लाल. चौदाव्या वर्षी बाप मित्रांमध्ये येऊन बसणं म्हणजे काय असतं, आठवा जरा. पण कप्तान ती कप्तान. तिनं गप्प्याच्या बापाला टोळीत घेऊन टाकलं. "काका, तुम्ही पुलाच्या तोंडाशी उभे राहा. फक्त उभे राहा. हलू नका." गृहस्थ हलले. ज्या हातांनी माणूस केसाएवढाही फरक न राखता दात बसवतो, ते हात माउसवर असे थरथरत होते, की त्यांचा तो पडद्यावरचा शिपाई भोवळ आल्यासारखा फिरला आणि पुलावरून खाली. पहिल्यांदा पडले, गप्प्या काही बोलला नाही. दुसऱ्यांदा पडले, काही बोलला नाही. टोळीतलं एक पोरगं फिसकन हसलं. तिसऱ्यांदा पुलाच्या काठाशी गेले, आणि गप्प्या म्हणाला, "बाबा, डावीकडे."

गृहस्थ उजवीकडे गेले.

"डावीकडे, बाबा. तो तुमचा उजवा. अहो, मागे कुठे जाताय, मागे काही नाही. थांबा. मी येतो. तिथेच थांबा, मी आलोच..." सुटला की हो पोरगा. कसं धरायचं, कुठे बघायचं, पुलावरच्या तिसऱ्या फळीवर का उभं राहायचं नाही, सगळं. मी काउंटरवर उभा होतो. आणि गृहस्थ पुन्हा पडले. मी म्हटलं, एवढं सरळ सांगतोय पोरगा, हे पडतात कसे? म्हणून पुढे जाऊन पाहिलं. तर गृहस्थ दोन्ही हात माउसवर ठेवून डोळे मिटून बसलेले. डोळे मिटून कोण खेळतं हो? पडणार नाही तर काय होणार?

गप्प्यानंही तेव्हाच पाहिलं. आधी वैतागला, मग त्याचा चेहरा कसातरीच झाला. आपला हेडफोन एका कानावरून काढला आणि म्हणाला, "बाबा, डोळे उघडा ना. मी इथेच बसलोय."

कुणी हसलं नाही. कप्तान म्हणाली, "चला, पुन्हा पुलापासून."

अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला. मधेच पोस्टातल्या बाई हजर. त्यांना कुणीतरी सांगितलंच होतं, अर्धं शटर वर आहे म्हणून. वाकून आत आल्या, कंबरेवर हात. मला वाटलं, झालं आता. बाईंनी पाहिलं... मुलगी हुकूम सोडतेय, खालच्या मजल्यावरचे गृहस्थ घामाघूम होऊन ते पाळताहेत, आणि त्यांचा मुका पोरगा तोंडाचा पट्टा सोडून बसलाय. मग म्हणाल्या, "हे अर्धं शटर काही बरोबर नाही. एक तर पूर्ण बंद ठेवा, नाहीतर पूर्ण उघडा." आणि निघताना मुलीला म्हणाल्या, "सातला घरी ये. मलाही विचारायचंय तुला, ते पुढून आणि मागून म्हणजे काय असतं ते."

त्या संध्याकाळी बापलेक निघाले तेव्हा मी शटरखाली उभा राहून बघत होतो. पोरगा हातवारे करून पूल दाखवत होता आणि बाप शेजारून चालत होते. मधेच थांबून काहीतरी अगदी मूर्खासारखं विचारत होते, पोरगा कपाळाला हात लावून पुन्हा पहिल्यापासून सांगत होता.

आता दुकान उघडं आहे, पण सातला बंद. रविवारी सुट्टी. तेव्हापासून कवळीवाले आठवड्यातून दोनदा पाच नंबरवर बसतात आणि इमानेइतबारे पुलावरून पडतात. मागे एकदा मी त्यांना म्हटलं, दोन महिने झाले, अजून डावं-उजवं कळेना? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कळतं. मागच्या महिन्यापासून कळतंय. सांगू नका."

मी कशाला सांगू? आपण दुकानदार माणूस, आपल्याला काय?

...असं म्हणून मी घरी गेलो आणि तो टॉवेल पाहिला. खुर्चीच्या पाठीवर, ओला. आणि माझ्या डोक्यात आलं, की आपल्याला पोहता येत नाही. अजिबात. सत्तेचाळीस वर्षांत गुडघ्याच्या वर पाणी गेलेलं नाही. मुलीला म्हटलं, रविवारी मला शिकवशील? आधी तिला वाटलं, मी थट्टा करतोय. मग तिनं अटी घातल्या. उथळ भागातच उतरायचं, लहान मुलांच्या वर्गाशेजारी. तिच्या मैत्रिणींसमोर लाडाच्या नावानं हाक मारायची नाही. आणि चड्डी तिनं निवडलेली. म्हटलं, मान्य.

चार रविवार झाले. तुम्हाला सांगतो, निम्मा तलाव मी प्यायलोय. शेजारी सहा-सात वर्षांची चिल्लीपिल्ली सपासप हात मारत जातात आणि जाता जाता मला म्हणतात, "आजोबा, सरका." मी त्या कठड्याला पालीसारखा चिकटलेला. आणि माझी मुलगी माझ्या पोटाखाली हात धरून बोलतेय. तासभर. सलग. "बाबा, पाय मार, वाकडे नको, सरळ, श्वास सोड, तू श्वास धरून का ठेवतोस, बाबा, मी सोडत नाहीये, घाबरू नकोस..." इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं तिनं हे सगळं? तिथून घरी येताना रस्ताभर बोलते. शाळेचं, मैत्रिणींचं, कुणाशी बिनसलंय, कुणाशी जमलंय, रात्री झोप का लागत नाही... सगळं सांगते, असं मला वाटतं.

वाटतं म्हणजे काय, की मला ऐकू येत नाही. कानात पाणी. दोन्ही. एका पायावर उड्या मारून झाल्या, बायकोनं दुकानातून थेंब आणून घातले, नुसतं घुंऽऽ होतं. रविवारी सकाळी जातं ते बुधवारी निघतं, आणि बोलणं सगळं रविवारी. मी आपला तिच्या ओठांकडे बघतो आणि मान हलवतो. ती हसली की हसतो, ती थांबली की "हो" म्हणतो. मागच्या रविवारी असंच काहीतरी विचारलं तिनं, फार आशेनं विचारलं, डोळे असे मोठे करून. म्हटलं, हो. हो, नक्की.

बुधवारी कान मोकळे झाल्यावर बायको म्हणाली, "या रविवारी तुम्ही वरच्या फळीवरून उडी मारणार आहात म्हणे. खोल पाण्यात. पोरगी सगळ्यांना सांगत सुटलीय."

आता मारायची. दुसरं काय करणार? ऐकू आलं नव्हतं म्हणून सांगितलं, तर पुन्हा बोलायची नाही.